उंदीर कुणाचा?

तर मंडळी, आपण पदरचे पैसे घालून मुलांचं संगीत नाटक उभं करतो. सोबत चित्रांचं गोष्टीचं पुस्तक, मध्यंतरात विकायला टी-शर्ट. तिन्हींत उंदीर तोच! चित्रकाराला पुस्तकाचे पैसे दिले, म्हणजे टी-शर्टचाही हक्क मिळाला असं आपण धरून चालतो. तसं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं: हक्क लेखी, सहीनिशी सोपवावा. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या दुबईच्या मराठी मंडळाने बोलावलं, तर तिथे टी-शर्ट विकण्यापूर्वी चित्रकाराला पुन्हा विचारणं आलं. (गाण्यांचं तर आणखी निराळं, शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची.) म्हणून तालमी सुरू होण्याआधीच आम्ही प्रयोग, पुस्तक आणि वस्तू यांचे वेगवेगळे करार करतो. वस्तूंत चित्रकाराचा वाटा टक्क्यांत ठेवतो, कारण प्रयोग थांबले तरी टी-शर्ट खपत राहतात.