उत्प्रेरक जुनाच, भांडे नवे

हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात येत असे. प्रक्रिया होऊन तिथून बाहेर पडलेले पाणी स्वीडनमधल्या संशोधकांनी तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. काही जिवाणू मरायला जेवढे पुरते, त्याच्या हजार पटींहून हे जास्त. सांडपाणी केंद्रांचा सारा भार जिवाणूंवर असतो. मैला, साखर, स्टार्च ते खाऊन टाकतात. पण जिवाणूंना मारण्यासाठीच घडवलेला रेणू त्यांनी पचवावा, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. वर अशा पाण्यात जे जिवाणू तगतात, ते औषधाला दाद न देणारे असतात. म्हणून हा रेणू जिवाणूंच्या मदतीवाचून मोडणारी रीत हवी.

तशी रीत अर्धशतकापासून माहीत आहे. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, की पाण्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचेच विघटन होते. पांढऱ्या रंगात घालतात तोच हा पदार्थ. प्रकाशाने त्यातला इलेक्ट्रॉन जागचा हलतो, मागे राहिलेली रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा कण इतका आक्रमक असतो की समोर येईल तो सेंद्रिय रेणू तोडत जातो. क्रिया पूर्ण झाली तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. यात टायटॅनियम डायऑक्साइड हा उत्प्रेरक असतो, तो स्वतः खर्च होत नाही. तरीही सांडपाणी केंद्रांत तो अभावानेच दिसतो. माझ्या मते याचे मोठे कारण रसायनात नाही, भांड्यात आहे. उत्प्रेरकाची नॅनो आकाराची भुकटी पाण्यात ढवळली तर काम उत्तम होते, पण नंतर ती गाळून काढणे जिकिरीचे. राहिली तर तीच नवे प्रदूषण. तीच भुकटी काचेच्या पट्टीवर चिकटवली तर पृष्ठभाग घटतो आणि बरेचसे पाणी तिला न शिवता निघून जाते. रॅडिकल क्षणाच्याही अंशात नाहीसा होतो, त्यामुळे प्रदूषकाला उत्प्रेरकापर्यंत यावेच लागते. प्रकाश, पाणी आणि उत्प्रेरक एकाच ठिकाणी आणायचे कसे, हा खरा पेच आहे.

थ्रीडी प्रिंटिंगचे मोल इथे कळते. थरावर थर रचत गेल्यामुळे साच्यात ओतून किंवा यंत्रावर कोरून जमत नाहीत असे आतले मार्ग त्यात घडवता येतात. जायरॉइड हे त्याचे ठळक उदाहरण. ॲलन शोन यांनी १९७० मध्ये नासासाठी काम करताना वर्णन केलेल्या या पृष्ठभागावर एकही सरळ रेषा नाही. त्यातून जाणारा प्रवाह सतत फुटतो, वळतो, पुन्हा मिळतो, पाणी भिंतीला भिडत राहते. शिवाय पोकळ्यांचा आकार आपल्या हाती असतो. त्या रुंद ठेवल्या तर प्रकाश खोलवर पोहोचतो, अरुंद केल्या तर पृष्ठभाग वाढतो. दिवा कुठे आहे, पाणी किती गढूळ आहे, हे पाहून ही तडजोड आधीच ठरवता येते.

आक्षेप मात्र गंभीर आहेत. पहिला असा की रॅडिकल आपला आणि परका ओळखत नाही. प्लास्टिकच्या सांगाड्यावर उत्प्रेरक बसवला तर तो हळूहळू सांगाडाच खाईल, आणि पाण्यात सूक्ष्म प्लास्टिक सुटेल. यावर उपाय सिरॅमिकचा: सिरॅमिकची भुकटी मिसळलेल्या रेझिनमधून आकार छापायचा, भट्टीत रेझिन जाळायचे आणि मागे टणक सांगाडा उरू द्यायचा. पण फार तापवले तर टायटॅनियम डायऑक्साइडचे ॲनाटेज हे कार्यक्षम रूप बदलून सहसा कमी कार्यक्षम असे रूटाइल होते. म्हणून आधी ॲल्युमिना या सिरॅमिकचा सांगाडा भाजून घ्यावा आणि उत्प्रेरकाचा लेप नंतर, कमी तापमानात द्यावा, हे मला जास्त पटते.

दुसरा आक्षेप विजेचा, आणि तो सर्वांत जड आहे. एक घनमीटर पाण्यातला प्रदूषक दहाव्या हिश्शावर आणायला ओझोन वापरणाऱ्या रीतीला सर्वसाधारणपणे एका युनिटहून कमी वीज लागते. दिव्यांवर चालणाऱ्या आपल्या या प्रकाश-उत्प्रेरणाला शंभरावर युनिटे लागतात, असे २०१८ च्या एका तौलनिक आढाव्यात दिसते. भांडे सुधारून यातला काही भाग वाचेल, पण शंभरपटीची दरी भरून निघणार नाही. स्वित्झर्लंडने शहरी सांडपाण्यातली औषधे काढायला ओझोन आणि सक्रिय कार्बन निवडले, ते योग्यच केले. म्हणून शहराच्या मोठ्या केंद्रासाठी मी या तंत्राचा आग्रह धरणार नाही. त्याची जागा उगमापाशी आहे, जिथे पाणी थोडे आणि विष दाट असते: औषध कारखान्याची एखादी वाहिनी, रुग्णालयाचा सांडपाण्याचा नळ. तिथे छोटे, छापलेले भांडे पुरते आणि छपाईचा संथ वेगही आड येत नाही. वीज वाचवायला ऊन आहे. सूर्यप्रकाशात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के, तरी स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर केंद्रात उन्हावर पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग अनेक वर्षे चालू आहेत. ऊन आपल्याकडेही आहे.

संशोधकांकडूनही एक अपेक्षा आहे. चाचणीत वापरतात त्या मेथिलीन ब्लू या रंगाचा निळेपणा गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे होत नाही. हा रंग स्वतःच प्रकाश शोषतो. शिवाय रेणू अर्धवट तुटला तर तुकडे मूळ पदार्थाहून विषारी निघू शकतात. खऱ्या सांडपाण्यात बायकार्बोनेट आणि इतर सेंद्रिय पदार्थ रॅडिकल आधीच गिळतात. तेव्हा चाचणी त्याच पाण्यावर व्हावी, आणि उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन, लागलेली वीज व झिजून सुटलेले कण हे तिन्ही आकडे द्यावेत.

पण कायद्याची सक्ती नसेल तर कारखानदार हे भांडे विकत कशाला घेईल? औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा रासायनिक वसाहती असलेल्या महाराष्ट्राने त्या परत आणण्याची मागणी केंद्राकडे लावून धरली पाहिजे.