विहिरीवरील मोटरसाठी केबलची निवड व जोडणी

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षबागेचे सारे वैभव पाण्यावर उभे आहे. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वेलीला नवी फूट येते आणि पुढील हंगामाचे घड त्याच सुमारास काडीच्या डोळ्यांत आकार घेऊ लागतात. नेमक्या याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. अशा वेळी मोटर जळाली, तर ती वर काढून, वाइंडिंग भरून पुन्हा सोडीपर्यंत बागेला ताण बसतो. दोष बहुधा मोटरला दिला जातो. पुष्कळदा मात्र खरे कारण स्टार्टरपासून मोटरपर्यंत टाकलेल्या बारीक केबलमध्ये असते.

केबल घेताना बहुतेक शेतकरी मोटर किती अश्वशक्तीची आहे एवढेच सांगतात. अंतर सांगण्याचे राहून जाते. पाण्याच्या लांब नळातून जाताना घर्षणाने जसा दाब घटतो, तसाच लांब तारेतून जाताना विजेचा दाबही घटतो. अंतर दुप्पट झाले की घट दुप्पट होते. तारेचा छेद दुप्पट केला की घट निम्म्यावर येते. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची तार हातभरच लांब, तरीही चांगली जाड असते, ती याच कारणाने. तेथे दाब अवघा १२ व्होल्ट आणि प्रवाह मात्र शेकडो अँपिअरचा असतो. नौकेचा नांगर ओढणाऱ्या विजेच्या रहाटालाही अशीच जाड केबल लागते.

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. ५ अश्वशक्तीची तीन फेजची पाणबुडी मोटर पूर्ण भारावर सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते. स्टार्टर व मोटर यांच्यातील केबलची लांबी ३०० मीटर आहे असे धरू. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एका तारेचा एवढ्या लांबीतील रोध सुमारे २.२ ओहम भरतो. प्रवाह, रोध आणि १.७३ यांचा गुणाकार केला की दाबाची घट मिळते. येथे ती सुमारे ३० व्होल्ट होते. ६ चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास रोध ०.९२ ओहम आणि घट सुमारे १३ व्होल्ट होते. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यात ही घट ३ टक्क्यांच्या आसपास राहते व ती चालण्यासारखी असते.

खेड्यातील पुरवठ्याचा दाब मुळातच कमी असला, तर हा फरक निर्णायक ठरतो. स्टार्टरपाशी ३८० व्होल्ट मिळत असतील, तर बारीक केबलच्या टोकाला मोटरच्या वाट्याला ३५० व्होल्टच येतात. मोटरचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून ते पूर्ण दाबावरील बळाच्या सुमारे ७१ टक्केच उरते. पाण्याचा भार तर तेवढाच असतो. तो पेलण्यासाठी मोटर अधिक प्रवाह ओढते, तापते आणि अखेर वाइंडिंग जळते. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते, त्यामुळे त्या क्षणी ही ओढाताण सर्वांत अधिक असते.

अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, परंतु तिचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटरऐवजी अॅल्युमिनियमची १० चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी. तांबे व अॅल्युमिनियम नुसते पीळ देऊन जोडू नयेत. असा सांधा कालांतराने गंजतो, तापतो व सुटतो. तेथे दोन्ही धातूंसाठी बनविलेली जोडणीच वापरावी. खरेदी करताना केबलवर भारतीय मानक चिन्ह आहे याची खात्री करून घ्यावी.

विहिरीत सोडायची चपटी केबल जमिनीत पुरण्यासाठी नसते. जमिनीखालून न्यायची केबल चिलखती असावी. तिच्यासाठी किमान पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट खोल चर खणावा. खाली व वर वाळूचा थर द्यावा, त्यावर विटा मांडाव्यात आणि मग माती लोटावी. म्हणजे पुढे कुदळ वा नांगराचा फाळ लागण्यापूर्वी विटांचीच सूचना मिळते. नदीकाठी मोटर बसविणाऱ्यांनी स्टार्टर पुराच्या रेषेच्या वर ठेवावा.

पाण्यात जाणारा सांधा हे सर्वांत नाजूक ठिकाण आहे. तिन्ही तारांचे सांधे एकाच जागी न करता पुढे-मागे करावेत आणि जलरोधक पट्टीने घट्ट गुंडाळावेत. मोटर सोडण्यापूर्वी सांधा पाण्याच्या बादलीत बुडवून मेगरने आवरणाची तपासणी करावी. केबल पाइपला दर ३ मीटरवर बांधावी. मात्र मोटरचा भार केबलवर कधीही येऊ देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. मोटरच्या व स्टार्टरच्या लोखंडी भागांना दोन स्वतंत्र भूसंपर्क असलेच पाहिजेत. उन्हाळ्यात जमीन वाळली की भूसंपर्क दुर्बळ होतो. म्हणून त्याच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. गळती होताच वीज तोडणारे उपकरणही बसवावे. वीज रात्रीच्या पाळीला येत असेल, तर ओल्या पायांनी व अंधारात स्टार्टर उघडण्याचा मोह टाळावा. जोडणीचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

जाड केबलसाठी एकदाच थोडे अधिक द्यावे लागते. बारीक केबलची किंमत मात्र मोटर जळेल तेव्हा पुनःपुन्हा मोजावी लागते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी स्टार्टरपासून मोटरपर्यंतचे अंतर, विहिरीच्या खोलीसह, टेपने मोजावे आणि तो आकडा कागदावर लिहून न्यावा. बागेच्या पाण्याची पुष्कळशी हमी त्या एका आकड्यात आहे.