सोलापुरी चादर आणि डळमळतं टेबल

समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये एकटी सोलापुरी चादर टाकून बघा. पाणी पिऊन ती ड्रमच्या एका बाजूला गोळा होऊन बसते, पिळणं सुरू झालं की मशीन जागचं सरकायला लागतं आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, “केवढी वीज खातंय हे!”

खातं का? अर्धा किलोचा असमतोल धरा, मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, मिनिटाला १२०० फेरे. बाहेर खेचणारं बल भरतं सुमारे २०० किलो वजनाइतकं. म्हणजे क्विंटलभराची दोन पोती, सेकंदाला २० वेळा गरगर दिशा बदलणारी. पण नुसत्या बलाला वीज लागत नाही. काहीतरी हललं, तरच ती खर्ची पडते. भक्कम पायावर घट्ट आवळलेल्या यंत्रात असाच असमतोल असला, तरी मीटरला फारसा पत्ता लागत नाही. वॉशिंग मशीन मात्र हलतं, आणि वीज मुरते ती शॉकअपच्या घर्षणात, पट्ट्यात, रबरी पायांत, खालच्या फरशीत. तिथे तिची उष्णता होते.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९०२ मध्ये हे टेबलावर दाखवलं. टेबल लेचंपेचं, वर असमतोल चाकाची मोटर. वीज वाढवली तसा वेग वाढला, पण टेबलाच्या स्वतःच्या डोलण्याच्या लयीपाशी येऊन अडकला. आणखी वीज दिली, तरी वेग ढिम्म. टेबल मात्र अधिकच थरथरलं. जादा वीज टेबलच गिळत होतं! मग एका क्षणी वेगाने एकदम उडी घेतली आणि टेबल बरंचसं शांत झालं. सोमरफेल्ड पुढे अणुरचनेवरच्या कामाने गाजले. मला मात्र हे टेबलच जास्त आवडतं.

ड्रम स्प्रिंगांवर टांगतात तो याचसाठी. अडचणीची लय कमी वेगातच येते आणि मोटर ती चटकन ओलांडते. त्याआधी मशीन चाचपणी करतं. जड बाजू वर चढताना ड्रम किंचित मंदावतो, उतरताना वेग घेतो. हा हेलकावा मोठा दिसला, की मशीन थांबतं, कपडे उलटेपालटे करतं, पुन्हा प्रयत्न करतं. पडद्यावरची मिनिटं पुढे सरकत नाहीत ती यामुळे. वीजही वाया जाते ती बरीचशी याच खटाटोपात, आणि एवढं करून चादर निथळतच बाहेर येते.

बिलापेक्षा काळजी बेअरिंगची करावी. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, की त्याचं अपेक्षित आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. चादरीसोबत दोन-तीन टॉवेल टाकले, तर वजन ड्रमभर पसरायला मदत होते.