प्रथिनांची पुरेशी मात्रा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्नायू, विकरे आणि रोगप्रतिकारक द्रव्ये ज्यांपासून घडतात ती प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असतात. त्यांतील नऊ आम्ले प्रौढ शरीराला स्वतः तयार करता येत नसल्याने ती अन्नातूनच मिळवावी लागतात आणि म्हणून त्यांना ‘आवश्यक’ म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम प्रथिने लागतात. आहार मुख्यतः धान्यावरच असेल, तर ही गरज किलोमागे सुमारे 1 ग्रॅमपर्यंत जाते.

गैरसमज : शाकाहारातील प्रथिने अपूर्णच असतात.
वस्तुस्थिती : धान्ये आणि डाळी यांत नऊही आवश्यक आम्ले असतात, मात्र त्यांचे प्रमाण विषम असते. ज्वारी, गहू व तांदूळ यांत लायसिन कमी पडते, तर डाळींत ते भरपूर असून मेथिओनिन कमी असते. त्यामुळे भाकरी व पिठले किंवा वरण व भात एकमेकांची उणीव भरून काढतात. ही जोडी प्रत्येक जेवणात साधलीच पाहिजे, हा समज फ्रान्सिस मूर लापे यांच्या 1971 च्या पुस्तकामुळे जगभर पसरला; परंतु 1981 च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच तो दुरुस्त केला, कारण दिवसभरात वैविध्यपूर्ण आणि पुरेसा आहार घेतला तरी शरीराचे काम भागते.

गैरसमज : रोज वरण असले की प्रथिनांची चिंता नाही.
वस्तुस्थिती : 100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असली, तरी वाटीभर घट्ट वरणाला साधारण 30 ग्रॅमच डाळ लागत असल्याने त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पातळ आमटीतून त्याच्या निम्मीही मिळतीलच असे नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला वरणाचे नुसते वरचे पाणी पाजणे विशेष हानिकारक ठरते, कारण डाळीतील बहुतेक सत्त्व खालच्या गरात राहते. म्हणून डाळ मऊ शिजवून, घोटून, गरासकट भरवावी.

गैरसमज : मोड आणल्याने मटकीतील प्रथिने कितीतरी वाढतात.
वस्तुस्थिती : मोड आलेल्या कडधान्याने पाणी शोषलेले असल्याने तेवढ्याच वजनात प्रथिने उलट कमी भरतात. मोडांचा खरा लाभ असा की, त्यांच्यामुळे लोह व जस्ताच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेट घटते आणि क जीवनसत्त्व वाढते.

गैरसमज : मांसाहार करणाऱ्यांना प्रथिने आपोआप पुरतात.
वस्तुस्थिती : एका अंड्यात सुमारे 6 आणि 100 ग्रॅम कच्च्या कोंबडीत किंवा बहुतेक मासळीत सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात व ती सहज पचतात, परंतु अनेक घरांत सामिष जेवण आठवड्यातून एक-दोनदाच होते आणि चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीर करत नाही. त्यामुळे उरलेल्या दिवसांची गरज डाळी, दूध, शेंगदाणे यांनीच भागवावी लागते. उपवासाच्या साबुदाण्यात तर प्रथिने नावालाच असतात. खिचडीत ती येतात ती दाण्याच्या कुटामुळे.

गैरसमज : पुरेशा प्रथिनांनी मूत्रपिंडे बिघडतात.
वस्तुस्थिती : निरोगी व्यक्तीने शिफारशीइतकी प्रथिने घेतल्याने मूत्रपिंडाला इजा होत नाही, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावी.

धान्य, डाळ व दूध यांचे 3 : 1 : 2.5 हे प्रमाण प्रथिनांचा दर्जा सुधारते, असे वरील शिफारशीत म्हटले आहे. 180 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे 18, 60 ग्रॅम डाळी-कडधान्यांतून 13, 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून 7 आणि 250 मिलिलिटर दुधातून 8 ग्रॅम मिळून 46 ग्रॅमचा हिशेब पूर्ण होतो. म्हणजे महागड्या पावडरींपेक्षा ताटातील डाळीचा वाटा वाढवणे आणि तो घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यापर्यंत सारखा पोहोचवणे अधिक निकडीचे आहे.