कुलूप लावलेले घर

आपल्या गावातून एक चक्कर मारा. प्रत्येक आळीत एखादे तरी बंद घर दिसेल. दाराला कुलूप. कुलपावर गंज. ओसरीवर पाचोळा. घरातली म्हातारी माणसे देवाघरी गेली. मुले पोटापाण्यासाठी मुंबईला, पुण्याला गेली. घर मात्र आहे तिथेच उभे आहे.

अशा घराचे पुढे काय होते? आणि ते नीट राखायचे कसे? आज आपण तेच पाहू या.

आधी एक हकिकत ऐका. कोणत्याही गावात घडावी अशीच ती आहे.

ओसरीवरचा कडबा

घर चार खणांचे होते. वर कौले. पुढे ओसरी, मागे परडे. परड्यात शेवग्याचे झाड. आई आधी गेली, मग बाप गेला. मागे तीन भावंडे राहिली. सर्वांत थोरली आक्का. ती चाळीस किलोमीटरवरच्या गावात दिलेली. तिच्या पाठचा भाऊ मुंबईला कारखान्यात. धाकटा पुण्याला रिक्षा चालवतो.

बापाचे दिवस झाले. घराला कुलूप लागले. किल्ली शेजारच्या तात्यांकडे दिली. तात्या आणि त्यांचा बाप लहानपणापासूनचे सोबती. परके कोण म्हणेल?

पहिल्या पावसाळ्यात तात्यांचा मुंबईला फोन आला.

“अरे, कडबा भिजतोय. चार दिवस तुमच्या ओसरीवर ठेवू का?”

“ठेवा की तात्या. विचारता काय? घर तुमचंच आहे.”

आपण सगळेच असे बोलतो. त्यात वाईट काही नाही. पण चार दिवसांचे चार महिने झाले. पुढच्या वर्षी परड्यात म्हशीसाठी खुंटा ठोकला गेला. मग म्हशीच्या मागोमाग उकिरडा आला. पलीकडच्या शेजाऱ्याने आपल्या मोरीचे पाणी परड्यात सोडले. भिंतीला ओल धरली. रात्री पोरे ओसरीवर पत्ते खेळू लागली. ओसरी दिली की पाय पसरतात, हे काही खोटे नाही.

अशी नऊ वर्षे गेली.

मग आक्कावर वेळ आली. तिचा नवरा वारला. ती शिवणकाम करून घर चालवू लागली. मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. फी कुठून भरायची? तिघांनी ठरवले, “घर विकू. तीन वाटे करू. आक्काची नड भागेल.”

गिऱ्हाईक आले. त्याने ओसरी पाहिली, परडे पाहिले. म्हैस पाहिली, मोरीचे पाणी पाहिले. तो म्हणाला, “कुलूप तुमचं, पण वापर दुसऱ्यांचा. मी पैसे मोजायचे आणि वर भांडण विकत घ्यायचं?”

तो निघून गेला.

धाकटा भाऊ तापला. “आत्ता म्हैस सोडून देतो. कडबा रस्त्यावर फेकतो!”

आक्काने त्याचा हात धरला. म्हणाली, “आधी चार शहाण्या माणसांना विचारू. मग काय ते करू.”

तिघेही शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी काय सांगितले, ते आपणही समजून घेऊ.

बारा वर्षांची गोष्ट

गावात कोणी म्हणते, “बारा वर्षं वापरलं, की जागा आपली.” हे अर्धे खरे आहे. अर्धे खरे फार घातक असते.

आपल्या देशात मुदतीचा कायदा आहे. तो १९६३ सालचा. आपल्या घराचा ताबा दुसऱ्याने बळकावला, तर तो परत मागायला मालकाला बारा वर्षांची मुदत असते. तेवढ्या काळात मालकाने दावा लावला नाही, तर त्याचा हक्क जाऊ शकतो.

पण त्यासाठी तो ताबा कसा असावा लागतो? तो उघड असावा लागतो. सलग असावा लागतो. आणि मालकाच्या विरुद्ध असावा लागतो. म्हणजे, “ही जागा तुझी नाही, माझी आहे,” अशा रीतीने तो वापरावा लागतो.

मालकाच्या परवानगीने वापरणाऱ्याचे तसे नसते. त्याने कितीही वर्षे वापर केला, तरी तेवढ्याने तो मालक होत नाही. तात्यांनी विचारून कडबा ठेवला होता. म्हणजे ती परवानगी झाली.

मग काळजी कशाची? काळजी पुराव्याची. परवानगी तोंडी होती. उद्या तात्यांचा मुलगा म्हणाला, “आम्ही कुणाला विचारलं नव्हतं,” तर काय दाखवणार? “घर तुमचंच आहे,” हेच शब्द उलटे फिरायचे. म्हणून परवानगी द्यायची तर ती कागदावर द्या. कोणती जागा, कशासाठी, कधीपर्यंत, ते लिहा. दोघांच्या सह्या घ्या. दोन साक्षीदार घ्या. त्याने प्रेम कमी होत नाही. उलट ते टिकते.

मोरी, खिडकी आणि वाट

दुसऱ्याच्या जागेतून पाणी सोडणे, जाणे-येणे, उजेड-वारा घेणे, याला वहिवाटीचा हक्क म्हणतात. त्याचा कायदा १८८२ सालचा आहे. कोणी वीस वर्षे उघडपणे, हक्क म्हणून, अडथळ्याशिवाय असा वापर केला, तर त्याला तो हक्क मिळू शकतो. जागा मालकाचीच राहते. पण मोरी बंद करता येत नाही, वाट अडवता येत नाही.

म्हणून नवी मोरी किंवा नवी वाट दिसली, की वेळीच हरकत घ्या. हरकत लेखी घ्या.

साचलेल्या पाण्याचे दुसरेही दुखणे असते. त्यात डास होतात. मातीची भिंत खालून खचते. भिंत एकाची पडते आणि अंगावर दुसऱ्याच्या पोरांच्या येते.

कागदावर कोणाचे नाव?

गुरुजींनी विचारले, “ग्रामपंचायतीत घर कुणाच्या नावावर आहे?”

तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. नऊ वर्षांत कोणी पाहिलेच नव्हते.

ग्रामपंचायतीत घरांची नोंदवही असते. तिला नमुना नंबर आठ म्हणतात. त्यात मालकाचे नाव असते. घर कोणाच्या वापरात आहे, म्हणजे भोगवटादार कोण, तेही असते. आक्काने उतारा काढला. मालक म्हणून अजून बापाचेच नाव होते. भोगवटादाराच्या रकान्यात मात्र तात्यांच्या मुलाचे नाव लागले होते. घरपट्टीही दोन वर्षे त्यानेच भरली होती.

घाबरून जाऊ नका. नमुना आठ हा घरपट्टीसाठी असतो. नुसत्या त्या नोंदीने किंवा घरपट्टीच्या पावतीने कोणी मालक होत नाही. पण अशी नोंद राहू दिली, तर पुढे ती वादाचे मूळ होते. गिऱ्हाईक तर उतारा पाहूनच मागे फिरते.

म्हणून घरचे माणूस वारले, की मृत्यूचा दाखला घ्या. सर्व वारसांची नावे लिहून ग्रामपंचायतीत अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. घरपट्टी दरवर्षी स्वतः भरा. पावत्या एका पिशवीत जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने होते. ड्रोन म्हणजे फोटो काढणारे लहान उडते यंत्र. त्याला वरून हद्द दिसावी, म्हणून जमिनीवर चुन्याच्या रेघा मारतात. पुढे त्या घराची मिळकत पत्रिका तयार होते.

आता विचार करा. मोजणीच्या दिवशी घराला कुलूप असेल, तर तुमच्या हद्दीवर चुना कोण मारणार? शेजारी मारील. त्याची रेघ तुमच्या परड्यातून गेली तर? म्हणून मोजणीला घरातले एक माणूस हजर पाहिजे. मोजणी होऊन गेली असेल, तर मिळकत पत्रिका काढून पाहा. चूक असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत लेखी अर्ज करा.

बहिणीचा वाटा

धाकटा हळूच म्हणाला, “गुरुजी, आक्काची सही लागेल का?”

“लागेल म्हणजे? तिच्याशिवाय पुरी विक्री होणारच नाही!”

हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या वाट्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळतो. तिचे लग्न झाले असले, तरी मिळतो. पूर्वी त्या कायद्यात एक अडसर होता. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भावांनी केल्याशिवाय बहिणीला मागता येत नव्हती. २००५ साली तो अडसर काढला. त्याच साली वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मापासून मुलासारखा हक्क मिळाला. २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांत वारसाचे नियम वेगळे आहेत. त्यांनी ते जाणकाराकडून समजून घ्यावेत.

घर विकायचे तर सर्व वारसांच्या सह्या हव्यात. आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवायला हवे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे घर नुसत्या स्टँप पेपरवर लिहून विकले जात नाही.

हात उचलू नका

धाकट्याला म्हैस सोडायची होती. गुरुजी म्हणाले, “तसं करशील, तर बरोबर असून चुकीचा ठरशील.”

कायदा सांगतो, ताबा घेतलेल्या माणसालाही जबरदस्तीने हुसकू नका. १९६३ च्याच दुसऱ्या एका कायद्याने, बेकायदा हुसकलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. तेव्हा मालक कोण, हे कोर्ट पाहत नाही. कायदेशीर मार्गाने काढले का, एवढेच पाहते.

मग करायचे काय? पायरीपायरीने चढायचे.

पहिली पायरी बोलण्याची. घरी जा, बसा, बोला. दुसरी पायरी चार माणसांची. सरपंच, वडीलधारी मंडळी यांच्यासमोर ठरवा आणि लिहून घ्या. तिसरी पायरी लेखी नोटिशीची. ती टपालाने पाठवा, पोच जपा. चौथी पायरी दिवाणी कोर्टाची. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिच्याकडून फुकट वकील मिळतो, मग त्यांची मिळकत कितीही असो. आक्कासारख्या बाईने हे ध्यानात ठेवावे. कोणी कुलूप तोडून घरात शिरला, तर मात्र पोलिसांत तक्रार द्या. तो गुन्हा आहे.

तात्यांची बाजू

संध्याकाळी तिघे तात्यांकडे गेले. आक्काने मुलीच्या फीची गोष्ट सांगितली. कोणी आवाज चढवला नाही.

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरी, नऊ पावसाळे मी तुमची कौलं चाळली. नाहीतर घर केव्हाच बसलं असतं. एकदा तरी कुणी येऊन पाहिलंत?”

तेही खरेच होते. भावांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सरपंचांसमोर कागद झाला. दोन महिन्यांत ओसरी आणि परडे मोकळे करायचे. तात्यांच्या मुलाने भोगवटादाराचे नाव काढायला संमती द्यायची. कौलांच्या खर्चाची रक्कम घराच्या पैशातून तात्यांना द्यायची. पलीकडच्या शेजाऱ्याने महिन्याभरात मोरी सरकारी गटाराकडे वळवायची. आक्काने कागद मोठ्याने वाचला. साक्षरता वर्गात ती वाचायला शिकली होती. वाचून झाल्यावर तिने सही केली. अंगठा नाही, सही.

दोन महिन्यांनी ओसरी झाडून निघाली. आता गिऱ्हाईक येईल. त्याला दाखवायला घरही आहे आणि कागदही आहेत.

लक्षात ठेवा

बंद घर वर्षातून दोनदा तरी उघडून पाहा. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर.

वारसांची नावे लगेच लावा. उतारा दरवर्षी काढून वाचा.

वापरायला द्यायचे तर कागद करून द्या. मुदत घाला.

तुम्ही शेजारी असाल, तर दुसऱ्याचे बंद घर राखा, पण आपले समजू नका. त्याच्या विटेत कोणाच्या तरी लेकीचा वाटा असतो.