डिस्प्लेवर कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नसतं, पोकलेनवाल्यांनी आधी हे वाचा

सकाळी सातची वेळ. साइटवर ऑपरेटर पोकलेनमध्ये बसतो, चावी फिरवतो, इंजिन चालू होतं. पण मशीन जोर घेत नाही. डिस्प्लेवर पिवळा दिवा आणि खाली दोन आकडे.

मालकाला फोन जातो, मालक मेकॅनिकला फोन लावतो. मेकॅनिक फोनवरच निकाल देतो, "सेन्सर गेला असणार, नवीन टाकू."

नवीन सेन्सर बसतो. दिवा तसाच. मग दुसरा सेन्सर मागवला जातो. दिवा तरीही तसाच.

तोपर्यंत मशीन उभं, डंपर रिकामे, ऑपरेटरचा पगार चालू आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. तासावर भाड्याने जाणारं मशीन उभं राहिलं की प्रत्येक तास मालकाच्या खिशातून जातो.

मग गडबड कुठे झाली? तर ती झाली कोड वाचण्यात.

पण मशीनमध्ये एवढे सेन्सर आले कशाला?

जुन्या मशीनमध्ये डिझेल पंपाचं सगळं काम यांत्रिक होतं. पाना आणि अनुभव असला की भागायचं.

पुढं प्रदूषणाचे नियम कडक झाले. भारतात चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना, म्हणजे आपण सरसकट 'जेसीबी' म्हणतो तशा मशीनना, एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ आणि जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ चे नियम लागू झाले. धूर कमी करायचा तर डिझेल मोजून-मापून सोडावं लागतं. ते काम ईसीएम नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो आणि त्याला इंजिनची खबर देतात सेन्सर.

सेन्सर खबर देतो कशी?

ऑइलचा दाब मोजणाऱ्या साध्या सेन्सरला सहसा तीन वायरी असतात. एकीतून ईसीएम ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. दाब वाढतो तसा सिग्नल साधारण ०.५ पासून ४.५ व्होल्टपर्यंत चढतो.

आता प्रश्न पडेल, शून्य ते पाच का नाही?

कारण दोन्ही टोकं मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात. सिग्नल थेट शून्यावर किंवा थेट पाचवर गेला, की ईसीएम ओळखतो की हा दाब नाही, वायरिंगमध्ये काहीतरी तुटलंय किंवा चिकटलंय.

खरी गोष्ट दुसऱ्या आकड्यात असते

बऱ्याच अवजड मशीनमध्ये जे१९३९ या पद्धतीचे कोड दिसतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार काय आहे.

एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान. आणि एफएमआयचे नेहमी भेटणारे आकडे असे:

० – मोजमाप बरोबर आहे, पण प्रमाणापेक्षा खूप जास्त
१ – मोजमाप बरोबर आहे, पण प्रमाणापेक्षा खूप कमी
२ – सिग्नल वर-खाली उड्या मारतोय
३ – व्होल्टेज जास्त
४ – व्होल्टेज कमी
५ – करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं

आता १००-४ आणि १००-१ हे दोन कोड शेजारी ठेवून बघा.

१००-४ म्हणजे सर्किटचा घोळ. १००-१ म्हणजे सर्किटची तक्रार नाही आणि इंजिनात ऑइलचा दाब खरोखर पडलेला असू शकतो. अशा वेळी "सेन्सरच खराब आहे, चालू दे" म्हणून काम रेटलं, तर बेअरिंग आणि क्रँकपर्यंत नुकसान पोहोचतं. इंजिन लगेच बंद करायचं, ऑइलची पातळी बघायची आणि साध्या प्रेशर गेजने दाब मोजून खात्री करायची.

काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड दाखवतात. तिथे मशीनचं मॅन्युअल उघडावंच लागतं.

कोड विजेचा असेल तर तपासायचं कसं?

आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. हायड्रॉलिकचा सेन्सर असेल तर लाइनमधला दाब काढल्याशिवाय त्याला पाना लावू नका.

मग सुरुवात बॅटरीपासून. टर्मिनल ढिलं, अर्थिंगला गंज, फ्यूज उडालेला, एवढ्यावरूनही भलतेच कोड येतात.

त्यानंतर कनेक्टर उघडून बघा. प्रेशरच्या पाण्याने धुतलेल्या मशीनमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. वायर कुठे लोखंडाला घासलीय, सायलेन्सरजवळ वितळलीय, उंदरांनी कुरतडलीय, हे डोळ्यांनी दिसतं. चावी चालू ठेवून हार्नेस हलवा. आकडा उड्या मारू लागला, तर दोष तिथेच आसपास आहे.

मग मल्टिमीटर. सेन्सरचा कनेक्टर काढून ५ व्होल्ट येतात का, अर्थिंग पक्कं आहे का, ते मोजा. वायरीला टाचणी टोचू नका. त्याच भोकातून पाणी शिरतं आणि पुढचा बिघाड तयार होतो.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर?

सगळे एकाच दिवशी गेले, असं सहसा होत नाही. बऱ्याचदा अनेक सेन्सरना एकच ५ व्होल्टची लाइन वाटून दिलेली असते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, की तो सगळ्यांचंच व्होल्टेज खाली ओढतो.

उपाय सोपा आहे. लाइनवर मीटर लावा आणि एकेक सेन्सर काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो चोर. कोणालाही काढून फरक पडला नाही, तर वायरिंगकडे बघा.

तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरची युक्ती याहून सोपी. कनेक्टर काढला की डिस्प्लेवर तापमान एकदम तळाला जायला हवं. हार्नेसच्या त्या दोन पिना आपसात जोडल्या की एकदम वर. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम बरोबर आहेत, मग खुशाल सेन्सर बदला. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या सेन्सरला. तीन वायरींवर करायला जाल तर ५ व्होल्टची लाइनच शॉर्ट कराल.

आणि हे मात्र करू नका

सेन्सरला बायपास मारून काम उरकणं. दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी मशीनला इशारा द्यायची सोय उरत नाही.

बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेली ठेवणं. वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून फिरला तर ईसीएम जळू शकतो. बॅटरी सोडवा, मॅन्युअल सांगत असेल तर ईसीएमचे कनेक्टरही काढा आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळच लावा.

थोडक्यात काय, तर कोड तुम्हाला सर्किटचा पत्ता देतो. त्या पत्त्यावर बॅटरी, फ्यूज, वायर, कनेक्टर आणि सेन्सर असे पाच जण राहतात. दार वाजवायला सुरुवात बॅटरीपासून करा, सेन्सरचा नंबर शेवटी.

म्हणून पुढच्या वेळी मेकॅनिक फोनवर "सेन्सर गेला" म्हणाला, तर एवढंच विचारा, "दुसरा आकडा काय आलाय?"