पेशींना रविवार नसतो

उंदराच्या शेपटीच्या टोकातून घेतलेल्या साध्या पेशींत चार जनुकं घातली की त्या आपलं वय आणि काम विसरतात, गर्भातल्या पेशींसारख्या पुन्हा काहीही व्हायला तयार होतात, हे शिन्या यामानाका यांनी क्योटोतून जाहीर केलं ऑगस्ट २००६ मध्ये. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशी, २०१२ मध्ये नोबेल. २०२६ मध्ये याला वीस वर्षं होतात, म्हणून भाषणं होतील. बंगळुरूत तर नक्कीच. त्या भाषणांत कोणाची नावं येणार नाहीत, याची यादी माझ्याकडे आहे. त्या यादीतली माझी एक जुनी सहकारी, पेशी वाढवण्यात जिचा हात धरणारे या शहरात फार थोडे, नुकतीच एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासायच्या नोकरीला लागली. पगार दर महिन्याला येतो, एवढंच म्हणाली.

सुरुवातीची, भ्रूणांतून काढलेल्या पेशींची वर्षं झटपट उरकते, कारण त्यांत गाजावाजाच जास्त. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी ठरवलं की भ्रूणांपासून नव्याने काढलेल्या लाइनवरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींवरच्या, संशोधनाला सरकारी पैसा मिळणार नाही, आधी काढलेल्या चालतील. लगेच जगभरातल्या ६४ लाइनची यादी निघाली. त्यात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान केंद्राच्या तीन. भारत एकदम नकाशावर आला. पुढे त्या यादीतून संशोधकांच्या हाती प्रत्यक्ष पडू शकल्या विसेक, आणि त्यांत आपली एकही नव्हती. त्यानंतर काम शांतपणे झालं ते जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात. मनीषा इनामदार यांच्या गटाने टाकून दिल्या जाणाऱ्या भ्रूणांपासून दोन लाइन काढल्या आणि २००९ मध्ये त्या रीतसर प्रसिद्ध केल्या. त्याच सुमारास बल्लारी रस्त्यावर, कृषी विद्यापीठाच्या नाचणीच्या शेतांशेजारी, एनसीबीएसच्या आवारात इनस्टेम, म्हणजे अशा स्टेम सेलवरची संस्था, उभी राहिली.

मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दशकाबद्दल, कारण ते मी हातमोजे घालून काढलं. प्रकल्पावरची नोकरी, एका प्रयोगशाळेत.

लोकांना वाटतं, शोध लागला म्हणजे झालं. यामानाकांच्या पद्धतीने मागे नेलेल्या, म्हणजे आयपीएस, पेशींची लाइन म्हणजे घरचं विरजण. रोज लक्ष दिलं तरच पुढे जाते. रोज मीडिया, म्हणजे पेशींचं द्रवरूप खाणं, बदलायचा. आठवड्यातून एक-दोनदा पॅसेज, म्हणजे वाढलेल्या कॉलन्या तोडून नव्या प्लेटमध्ये लावायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली कडा विस्कटलेल्या कॉलन्या ओळखून खरवडून काढायच्या, कारण त्या भरकटायला लागलेल्या असतात. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू शिरला की महिन्यांची मेहनत ब्लीचमध्ये. गुणसूत्रं अधूनमधून तपासायची, कारण फार दिवस वाढवलेल्या पेशी गुपचूप बदलतात. हे सगळं दिवाळीतसुद्धा. पाडव्याला हेब्बाळच्या पुलावरून रिकाम्या बसने पेशींना खायला घालायला जाणारे आम्हीच. आणि हे करणाऱ्यांचे पगार मात्र अनुदानाचा पुढचा हप्ता येईपर्यंत महिनोन्‌महिने अडकायचे. पेशी उपाशी राहिल्या तर आम्हाला बोलणी बसायची; उलट बाजूने बोलणी खायला कुणी नव्हतं.

तरी आम्ही टिकलो, कारण प्रश्न मोठा होता. यकृताचा तुकडा काढून तपासता येतो. वेड्यावाकड्या विचारांनी हैराण झालेल्या जिवंत माणसाचा मेंदू कसा काढणार? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे, पण मृत्यूनंतरचा मेंदू म्हणजे कादंबरीचं शेवटचं पान. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी मागे नेऊन त्यांपासून न्यूरॉन घडवले, तर त्याच माणसाची जनुकं असलेले न्यूरॉन पहिल्या पानापासून वाढताना दिसतात. निम्हान्सचे संजीव जैन, एनसीबीएसचे रघु पडिंजत, मित्रदास पणिक्कर, इनस्टेमच्या ओडिटी मुखर्जी अशा मंडळींनी २०१६ च्या सुमाराला एडीबीएस हा प्रकल्प सुरू केला तो यासाठी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा आणि प्रतीक्षा ट्रस्टचा हातभार. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी, व्यसनाधीनता, स्मृतिभ्रंश. एकाच घरात जवळच्या नात्यातले किमान दोघे आजारी असलेली कुटुंबं. आजारी आणि धडधाकट भावंडांच्या पेशी शेजारीशेजारी वाढवायच्या, ही त्यातली खरी हुशारी.

निम्हान्सच्या होसूर रस्त्यावरच्या ओपीडीत बेळगाव-निपाणीकडची मराठी घरंही येतात. तिथे संमतिपत्र समजावून देताना एका काकांनी मला विचारलं होतं, ‘बाई, ह्यातनं माझ्या पोराला गुण येणार काय?’ नाही, म्हणाले मी. कदाचित पुढच्या कुणाला. त्यांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि सही केली.

त्याच वर्षांत ‘स्टेम सेल’च्या पाट्या लावून ऑटिझमपासून पक्षाघातापर्यंत सगळं बरं करून देणारी दुकानं मुंबई-पुण्यापासून सगळीकडे जोरात होती. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांच्या नावातून ‘उपचार’ हा शब्दच काढला, २०१७ मध्ये पुन्हा बजावलं की रक्तपेशींच्या मान्यताप्राप्त प्रत्यारोपणाखेरीज बाकी सगळं अजून संशोधनच आहे. दुकानं चाललीच. लाखो रुपये मोजून आलेले नातेवाईक मला विचारायचे, तुम्ही लोक इतकी वर्षं करता काय? हा प्रश्न मी त्या दुकानदारांना कधीच माफ करणार नाही.

करत होतो ते हे. २०१८ मध्ये भारतीय लोकसंख्येसाठी तुलनेच्या दोन प्रमाण लाइन प्रसिद्ध झाल्या. तोवर जगाच्या शीतपेट्यांत बहुतांश युरोपीय वंशाचीच माणसं. लोव सिंड्रोम या आजारात ओसीआरएल हे एकच जनुक बिघडतं आणि मुलग्यांचे डोळे, मूत्रपिंड, मेंदू तिन्ही धरले जातात. पडिंजत यांच्या गटाने अशा एका कुटुंबापासून घडवलेल्या लाइन २०२२ मध्ये सर्वांपुढे ठेवल्या. एका जनुकाच्या आजारात ही पद्धत चोख चालते. स्किझोफ्रेनियात शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा. शिवाय बशीतल्या पेशीला आवाज ऐकू येत नाहीत. पेशी मागे नेताना वयाच्या खुणाही पुसल्या जातात, त्यामुळे सत्तरीच्या आजोबांचे न्यूरॉन गर्भातल्या बाळाच्या वयाचे निघतात. पण २०१५ मध्ये अमेरिकेच्या साल्क संस्थेने दाखवलं की बायपोलर रुग्णांचे न्यूरॉन बशीतही अति उत्तेजित असतात, आणि लिथियमने शांत होतात ते ज्यांना लिथियम लागू पडलं त्यांचेच. ते वाचलं त्या दिवशी आमच्या कल्चर रूममध्ये कुणी जेवायला गेलं नाही.

मग २०२० आलं. बल्लारी रस्त्यावरचं ते आवार कोविडच्या चाचण्या करू लागलं, गावातल्या बहुतेक प्रयोगशाळांनी लाइन गोठवून ठेवल्या. नंतरचं सांगण्यात मला फारसा रस नाही. २०२३ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाच्या चौदा संस्था ‘ब्रिक’ नावाच्या एका छत्राखाली आल्या, पाट्या बदलल्या. रोहिणी निलेकणींचे शंभर कोटी निम्हान्स-एनसीबीएसच्या मेंदू-मन केंद्राला मिळाले, ही चांगलीच गोष्ट. पण सार्वजनिक रुग्णालयातल्या रुग्णांवरच्या संशोधनाला सॉफ्टवेअरमधल्या श्रीमंतांची वाट पाहावी लागते, हे मला अजून पचत नाही.

द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, पेशी थांबतात. माणसं थांबत नाहीत. तेव्हा ‘निरोगी’ म्हणून रक्त दिलेली विशीतली भावंडं आता तिशीत आली आहेत, आणि यांतले बरेच आजार याच वयात डोकं वर काढतात. त्यांतलं कुणी मधल्या काळात आजारी पडलं असेल तर वायलवरचं लेबल चुकीचं आहे, आणि त्यावर उभी केलेली तुलनाही. म्हणून त्या घरांना वर्षानुवर्षं भेटत राहायचं असतं. फोन कुणीही लावू शकतं. पण उचलणाऱ्याने ‘हां ताई, बोला’ म्हणावं यासाठी त्या घराला ठाऊक असलेलं माणूस लागतं, आणि अशी माणसं एकेक करून कागदपत्रं तपासायला जात आहेत.